पडलेली कोर उचलू नये

ओसाकाच्या विमानतळावर उतरल्याबरोबर सासूबाईंनी कोपरा बघून बैठक मारली आणि देवीला आमचा पत्ता कळवला.

"माझू-आई, मी त्साई बाओ-चू, बेइगांगची, तेलघाण्याच्या गल्लीतली. सध्या घरी नाही. सध्या जपान, ओसाका, विमानतळ, खालचा मजला, गरम कॉफीच्या यंत्राशेजारी. उत्तर घरी पाठवू नकोस, इथेच दे. बसनं जाऊ की ट्रेननं? बस असेल तर हो म्हण."

मग डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. बस की ट्रेन एवढंच विचारायला इतकं काय पुटपुटायचं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण माझी लेक तांगतांग माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा एक बूट हरवला होता आणि मी तो शोधत होते, त्यामुळे पुढचा विचार राहूनच गेला.

सासूबाईंनी हातातल्या कोरी वर उडवल्या.

आमच्याकडे कौल असाच लावतात. लाकडाच्या दोन चंद्रकोरी, लाल रंगवलेल्या, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर. एक सपाट पडली आणि एक फुगीर, तर देवी हो म्हणाली. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसतेय, प्रश्न पुन्हा नीट विचारा. किरकोळ कामाला एक हो पुरतो. मोठ्या कामाला लागोपाठ तीन लागतात. माझं लग्न तिनांवर ठरलं. घाण्याचं नवं यंत्रही तिनांवर आलं, आणि सासूबाईंच्या हिशेबानं यंत्र जरा जास्त चांगलं निघालं.

देवळातल्या कोरी हातभर असतात. सासूबाईंच्या पर्समधल्या इवल्याशा, मुठीत मावणाऱ्या. त्या उडाल्या, चकचकीत फरशीवर टणटण वाजल्या, एक गिरकी घेऊन बॅगांच्या पट्ट्याकडे गेली आणि सुटाबुटातल्या एका गृहस्थांनी धावत जाऊन दोन्ही उचलल्या. रुमालानं पुसल्या. दोन्ही हातांवर ठेवून, कमरेत वाकून, सासूबाईंसमोर धरल्या.

सासूबाईंचा चेहरा तिळाच्या चोथ्यासारखा झाला.

"काय पडलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"मी बूट शोधत होते, आई."

"अ-हेंग?"

"मी बॅगा बघत होतो," माझा नवरा म्हणाला. त्याचं नाव यू-हेंग. तो नेहमी बॅगाच बघत असतो.

"पडलेली कोर वाचल्याशिवाय उचलायची नसते. देवी बोलत असताना तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे ते," सासूबाई म्हणाल्या. त्या गृहस्थांकडे बघून मात्र हसून वाकल्या. ते पुन्हा वाकले. सासूबाईंना उलट वाकावंच लागलं. हे बराच वेळ चाललं. शेवटी बस निघून गेली, म्हणून आम्ही ट्रेननं गेलो.

खरं म्हणजे या सहलीला माझं एक काम होतं. तांगतांग झाल्यापासून मी घरी होते. त्याआधी तैपेईत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे. त्यांनी पुन्हा बोलावलं होतं, यू-हेंगलाही तिकडे बदली मिळत होती, आणि आम्ही गुपचूप जाऊन एक छोटंसं घरही बघून आलो होतो. परत गेल्यावर पहिल्याच सोमवारी ऑफिसला हो किंवा नाही कळवायचं होतं. फक्त सासूबाईंना सांगायचं बाकी होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं.

सांगणार तरी कसं? आमच्या तेलाच्या दुकानात तीळ भाजताना तांगतांगला त्यांनी पाठीशी बांधून वाढवलं. ती पहिलं पाऊल घाण्याच्या पायरीवर टाकून चालली. तिच्या केसांना अजून शांपूच्या आधी तिळाचा वास येतो. रात्री मी तिला कुशीत घेते तेव्हा भाजलेल्या तिळाची पुडी उघडल्यासारखं वाटतं. तो वास घेऊन दुसऱ्या गावाला निघून जायचं, म्हणजे दुकानातून चोरी केल्यासारखंच.

म्हणून यू-हेंगनं ही थंडीची सहल काढली. "तिला जन्मात कधी कुठे नेलं नाही," तो म्हणाला. "ओसाका बघेल, सोल बघेल, खूश होईल. खूश झाली की मी सांगतो. तू काळजी करू नकोस."

खूश व्हायची सुरुवात पाण्यापासूनच अडली. पहिल्याच खानावळीत, बाहेर नाक गोठत असताना, समोर बर्फाचे खडे घातलेलं पाणी आलं.

"काय गं, कशाचा राग आहे यांचा आपल्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे असंच देतात, आई."

"थंडीत? पाहुण्याला?" त्यांनी पर्समधला थर्मास काढला, पाण्यातला बर्फ चमच्यानं वेचून बशीत ठेवला आणि वरून आपलं गरम पाणी ओतलं. वाढणाऱ्या मुलीनं ते पाहिलं, तिला वाटलं बर्फ संपला, आणि तिनं तत्परतेनं आणखी बर्फ आणून घातला.

तांगतांगला हा खेळ फार आवडला. "अमा, अजून," ती म्हणाली. आमच्याकडे आजीला अमा म्हणतात.

संध्याकाळी आम्ही कालव्यावरच्या पुलावर गेलो. दिव्यांचा नुसता पूर आलेला. एका दुकानावर खोलीएवढा खेकडा नांग्या हलवत होता. तांगतांग त्याला टाटा करत होती आणि तो सगळ्यांनाच टाटा करतोय हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तिला गर्दीकडे पाठ करून धरलं होतं. सासूबाई खुशीत दिसत होत्या. पाठीवर, पोटावर, दोन्ही पोटऱ्यांवर गरम पिशव्या चिकटवलेल्या, वर माझं जुनं जॅकेट, त्यामुळे त्या चारी बाजूंनी सारख्याच दिसत होत्या.

मी यू-हेंगला कोपर मारलं. "आता."

त्यानं घसा साफ केला. "आई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

तो खेकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी पाठीवरची पिशवी निसटलीय. खाली लोंबतेय."

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. काही वेळा न बघणंच संसाराला बरं असतं.

"खेकडा खायचा का?" सासूबाई म्हणाल्या. "देवीला विचारू." आणि पुलाच्या कठड्याशी टेकून पुन्हा सुरू झाल्या: त्साई बाओ-चू, बेइगांग, सध्या ओसाका, पुलावर, हलणाऱ्या खेकड्यासमोर. मग ते पुटपुटणं. मग कोरी उडाल्या.

शाळेच्या गणवेशातल्या मुलींनी दोन्ही उचलून दिल्या. पुसून, वाकून.

दुसऱ्यांदा उडाल्या. एका तरुण जोडप्यानं उचलल्या. त्यातल्या मुलीनं सासूबाईंच्या हाताला थंडीनं कंप सुटतोय असं समजून आपले हातमोजेही काढून दिले.

"मला नकोत," सासूबाई तिला आमच्या बोलीत समजावत होत्या. "बाळ, तू चांगल्या घरची आहेस. देव तुझं भलं करो. पण माझ्या वस्तूला हात लावू नकोस." मुलगी भारावून वाकली.

तिसऱ्या वेळी मी आणि यू-हेंग दोघंही हात पसरून उभे राहिलो, गर्दी अडवत, रस्त्याचं काम चालू असल्यासारखे. कोरी पडल्या. दोन्ही सपाट. देवी हसली.

"खेकड्यात हसण्यासारखं काय आहे?" यू-हेंग म्हणाला.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. थंडीनं झाल्या असतील असं मी धरून चालले. आम्ही उभ्याउभ्या ऑक्टोपसचे गोळे खाल्ले आणि सगळ्यांनीच टाळू भाजून घेतली.

असेच दिवस गेले. किल्ला बघायचा का? देवीच्या तोंडावर तान्हं बाळ घेऊन चाललेल्या एका बापानं हात ठेवला. मत्स्यालय? सफाईवाल्या काकूंनी. सासूबाईंना एवढी सभ्य माणसं एका जागी कधी भेटली नव्हती आणि त्या माणसांनीच त्यांना पार रडकुंडीला आणलं. "आपल्याकडे रस्त्यात माणूस पडला तरी लोक आधी बघतात कोणाचा आहे," त्या म्हणायच्या. "इथे टाचणी पडू देत नाहीत."

शेवटच्या सकाळी, सामानासकट, स्टेशनच्या फलाटावर गाडी येऊन उभी राहिली. "यात बसायचं का?" असं सासूबाईंनी विचारलं आणि आम्ही अडवायच्या आत कोरी उडवल्या. एक त्यांच्या पायाशी पडली. दुसरीनं उडी घेतली, फलाटाच्या कडेवर आपटली आणि थेट डब्यात गेली.

दारं बंद झाली.

आत एका वयस्कर गृहस्थांनी ती उचलली. काच आडवी असल्यामुळे त्यांना देता येईना. त्यांनी कोर दोन्ही हातांनी काचेला लावून धरली, अतिशय अपराधी चेहऱ्यानं वाकले, आणि गाडी हलली. दूर जाईपर्यंत ते वाकलेलेच होते. सासूबाईही नकळत वाकल्या होत्या.

सरळ झाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पडलं होतं? सपाट की फुगीर?"

कोणालाच दिसलं नव्हतं.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत यू-हेंगनं फोनवर लिहून लिहून समजावलं. तिथल्या मुलानं ती वस्तू कशासाठी वापरतात असं विचारलं. यू-हेंगनं लिहिलं, देवीशी बोलायला. मुलानं मान डोलावली आणि ब्रँड कुठला ते विचारलं. वस्तू नक्की मिळेल, म्हणाला, आणि मला खात्री आहे की मिळालीही असेल. पण आमचं सोलचं विमान सुटायला आलं होतं.

सोलला पोचलो आणि सासूबाई बोलेनाशा झाल्या. तिथली थंडी निराळी, ती जॅकेटच्या शिवणीतून आत येऊन चौकशी करते. पण त्या थंडीबद्दलही बोलल्या नाहीत. जे पुढ्यात येईल ते खायच्या. मुळ्याचं लोणचं आलं, खाल्लं. गार शेवया आल्या, गार, त्याही खाल्ल्या. सिग्नल हिरवा व्हायचा आणि त्या तशाच उभ्या राहायच्या, खिशातली एकटी कोर मुठीत धरून. तांगतांग त्यांचं बोट ओढून म्हणायची, "अमा, चाल. माणूस हिरवा झाला."

"नाण्यांनी लाव ना," यू-हेंग म्हणाला. "दोन नाणी घे. घरी कधीकधी लावतेसच."

त्यांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं. "यावर हा दाढीवाला कोण आहे? मी याला ओळखत नाही. उत्तर देवीनं दिलं की यानं, मला कसं कळणार?"

"मग फोनवर आहे. दाबलं की कोरी पडतात."

"आणि बॅटरी संपली की देवी झोपते?"

राजवाड्यात भाड्याचा घेरदार रेशमी पोशाख घातला तर तिकीट पडत नाही असं कळल्यावर त्या त्यात शिरल्या, पण जॅकेट न काढता. गुलाबी घेरातून फुगलेल्या बाह्या बाहेर आलेल्या. एरवी त्यांनी या फोटोवर गल्लीतल्या बायकांना वर्षभर पोसलं असतं. त्या दिवशी नुसत्या उभ्या राहिल्या. मी मोबाइल खाली घेतला आणि मनाशी ठरवलं की यू-हेंगची वाट बघण्यात आता अर्थ नाही.

दुपारी बाजारात एका छोट्या दुकानात शिरलो. मोठमोठ्या पातेल्यांतून वाफ निघत होती. आत पाऊल टाकताच सासूबाईंचा चष्मा पांढरा झाला. दुकानाच्या मालकीणबाईंनी न विचारता सारण भरून तव्यावर भाजलेल्या मांदूची थाळी समोर ठेवली. यू-हेंगनं माझा चेहरा बघितला, त्याला काहीतरी उमगलं, आणि तो म्हणाला, "मी जरा हात धुऊन येतो." तो गेला तो गेलाच.

मी तांगतांगला मांडीवर घट्ट धरलं. तिच्या केसांत नाक खुपसलं. तीळ.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"तैपेईचं ना?" सासूबाई म्हणाल्या. "माहीत आहे."

पातेल्याचं झाकण कोणीतरी उघडलं, मला त्यांचा चेहरा दिसेना.

"कसं?"

"हिनं सांगितलं." त्यांनी हनुवटीनं तांगतांग दाखवली. "नव्या घराला लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये आरसा आहे. आरशात तांगतांग आहे."

"आणि बाबा पण आहे," तांगतांग म्हणाली.

"कधी सांगितलं?"

"निघायच्या आधी. मी तीळ भाजत होते. एक पाटी करपली त्या दिवशी, आठवतंय? तुम्हाला वाटलं वय झालं माझं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे बोललात? आणि मी तर बोलतच होते की. ओसाकाभर बोलत होते. तुमच्याशी नाही, एवढंच."

मला ते पुटपुटणं आठवलं. बस की ट्रेन. पुलावरचा खेकडा. "म्हणजे तो खेकडा..."

"ओठांवर खेकडा. पोटात तुम्ही. खेकड्यासाठी देवीला इतका त्रास कोण देतं गं, अ-शान?"

"आणि देवी हसली ती?"

"तुमच्यावर हसली. तुझा नवरा मला पिशवी लोंबतेय म्हणून सांगत होता त्यावर." त्यांनी वाफेनं ओला झालेला चेहरा बाहीनं पुसला. "पोरं जाऊ देऊ का, एवढंच विचारायचं होतं. तीन हो हवे होते. त्या भल्या माणसांनी एक धड वाचू दिला नाही. आता जोडीच राहिली नाही. एका कोरीनं कुणी काही विचारतं का?"

तांगतांगनं चॉपस्टिकनं एक मांदू टोचला, तो निसटला आणि टेबलावर पडला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. अगदी करंजीसारखा आकार. खालून तव्यावर भाजून सपाट झालेला, वरून फुगीर.

"नाही, आई," मी म्हणाले.

पण त्यांनी थर्मास काढून हातांवर पाणी घेतलंही होतं. कागदी रुमाल पसरला. त्यातल्या त्यात देखणे दोन मांदू निवडले आणि फुंकर घालून निववले. "माझू-आई, मी त्साई बाओ-चू, बेइगांगची. सध्या कोरिया, सोल, बाजार, वाफेचं दुकान, भिंतीकडचं टेबल. कोरी नाहीत, आहे ते चालवून घे. आत सारण आहे, तिकडे दुर्लक्ष कर." या वेळी पुटपुटल्या नाहीत. मोठ्यानं म्हणाल्या, "पोरं तैपेईला जातायत. जाऊ देऊ?"

मांदू पडले. एक सपाट, एक फुगीर. हो.

मालकीणबाईंनी पाहिलं, त्यांना वाटलं यांच्या हातून निसटतायत. त्यांनी लगबगीनं येऊन दोन काटे ठेवले. मी दोन्ही हात आडवे घातले आणि त्यांना मांदूला हात लावू दिला नाही. त्या जरा दुखावल्याच.

दुसऱ्यांदा पडले. एक फुगीर, एक सपाट. हो.

सासूबाईंचे हात थांबले. दोन्ही मांदू त्यांनी नुसतेच ओंजळीत धरले, थंड पडतील इतका वेळ. मला त्यांचे डोळे दिसत नव्हते, चष्म्यावर नुसती वाफ. मला एकाच वेळी वाटत होतं की हो पडावं आणि पडूच नये.

तिसऱ्यांदा पडले.

दोन्ही फुगीर. वर तेल चकाकत होतं, गडबड व्हायला जागाच नव्हती. देवी नाही म्हणाली होती.

आणि माझ्या मांडीवरून एक छोटा हात पुढे आला, त्यातला एक मांदू उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

"तांगतांग," मी म्हणाले, पण तिचे दोन्ही गाल एव्हाना फुगले होते आणि ती अतिशय समाधानानं चावत होती.

"काय पडलं होतं?" सासूबाईंनी विचारलं. "मला काही दिसत नाही. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. या वेळी मी बूट शोधत नव्हते. सोमवार, ऑफिस, लिफ्टमधला आरसा, सगळं एकदम आठवलं. पण देवीला पत्ता इतक्या विश्वासानं सांगितलेला मी ऐकला होता.

"आई, दोन्ही..."

"थांब," त्या म्हणाल्या. "चष्मा पुसते."

त्यांनी चष्मा काढला. जॅकेटची चेन उघडून आतल्या सुती सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. डोळ्यांवर चढवला. उरलेल्या मांदूकडे बघितलं, फुगीर पाठ वर करून बसलेल्या. मग चॉपस्टिक घेतली आणि त्याला हळूच उलटा केला. सपाट बाजू वर.

मी सात वर्षांत त्यांना पडलेल्या कोरीला बोट लावताना पाहिलं नव्हतं.

"आई, पडलेली कोर..."

"कोर कुठाय?" त्या म्हणाल्या. "मांदू आहे. खालून चिकटतो मेला कागदाला." मग तांगतांगच्या फुगलेल्या गालांकडे बोट केलं. "हिच्या तोंडातला कसा होता? मला तरी फुगीर वाटला."

"फुगीरच होता," मी म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"मग झालं तर. एक फुगीर, एक सपाट." त्यांनी तो मांदू उचलला आणि खाऊन टाकला. बराच वेळ चावत राहिल्या.

यू-हेंग परत आला तेव्हा आम्ही दोघी कागदी रुमालानं नाक पुसत होतो. "लोणचं तिखट आहे का?" त्यानं विचारलं. मग, "बाहेर बर्फ पडायला लागलाय." आम्ही आयुष्यात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. कोणीही वर बघितलं नाही.

"अ-हेंग, बस," सासूबाई म्हणाल्या. "तुझी आई सगळं ठरवून मोकळी झाली. तुझे हात धुऊन झाले असतील तर दर महिन्याला पोरीला घेऊन तेल न्यायला कोण येणार ते सांग. टपालानं पाठवणार नाही मी. पोरीच्या केसांना मीच चोळणार."

"मी येईन," तो म्हणाला. त्याला अजून काय झालं ते कळलं नव्हतं, पण कुठे होकार द्यायचा ते कळतं त्याला.

सासूबाईंनी खिशातली एकटी कोर काढली, रुमालावर ठेवली आणि हात जोडले.

"माझू-आई, झालं आमचं. आता ओसाकाचे, सोलचे पत्ते विसर, उगाच तिकडे हेलपाटे घालू नकोस. यांचा नवा पत्ता लक्षात ठेव. तैपेई..." त्यांनी एक डोळा उघडला. "अ-शान, मजला कितवा गं?"

मी सांगितला.

"लिफ्टचं पण सांग," तांगतांग भरल्या तोंडानं म्हणाली.